पगार वेळेवर, कर बेपत्ता: पुण्यातून चालणाऱ्या अमेरिकी पेरोलचं एक प्रकरण

बाणेर रोडवर ऑफिस असलेली, कारखान्यांसाठी ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर करणारी एक कंपनी. पुण्यात साठेक माणसं. २०२२ मध्ये तिने डेलावेअरमध्ये उपकंपनी काढली, कारण अमेरिकी ग्राहकांना करार करायला तिथलीच कंपनी हवी होती. तिथे तीन माणसं: दोघे न्यू जर्सीत, एक टेक्सासमध्ये. मालक पुण्यातच राहतात, अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्याकडे नाही. अमेरिकेच्या कायद्याच्या नजरेने ते परदेशी मालक. (कंपनी, माणसं आणि रकमा समजावण्यासाठी रचल्या आहेत. कायदा, दर आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.)

पगाराचं काम सुरुवातीपासून तिथल्याच एका छोट्या पेरोल फर्मकडे. कुणाच्या तरी ओळखीतून मिळालेली, बोलायला गोड, फी कमी. पद्धत सरळ होती. महिन्याच्या १५ तारखेला आणि अखेरीस फर्म उपकंपनीच्या बँक खात्यातून एकच मोठी रक्कम ओढून घ्यायची. त्यात हातात पडणारे पगारही आले आणि कराचे पैसेही. पुढचं सगळं फर्म बघणार. पुण्यात अकाउंट्स सांभाळणाऱ्या ताईंना दर वेळी पीडीएफ यायची: तीन पे-स्लिपा आणि शेवटी ‘कर: भरले’ अशी ओळ.

आकडे समोर असलेले बरे. महिन्याचा एकूण पगार २४,००० डॉलर. त्यातून फेडरल इन्कम टॅक्सची कपात २,८०० डॉलर. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) ६.२ टक्के आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के, म्हणजे ७.६५ टक्के कर्मचाऱ्याचे: १,८३६ डॉलर. तेवढेच मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे: आणखी १,८३६. महिन्याला फेडरल सरकारकडे जायला हवेत ६,४७२ डॉलर. आधीच्या लुकबॅक काळातला, म्हणजे भरण्याची पद्धत ठरवताना पाहिल्या जाणाऱ्या मागच्या बारा महिन्यांतला, कर ५०,००० डॉलरच्या आत असल्याने कंपनीला मासिक भरणा लागू होता: या महिन्याचा कर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. शिवाय दर तिमाहीला फॉर्म ९४१, म्हणजे या कराचं रिटर्न, तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत.

१७ ऑक्टोबर २०२४, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, डेलावेअरच्या रजिस्टर्ड एजंटकडून (कंपनीच्या नावची सरकारी पत्रं घेणारा तिथला प्रतिनिधी) एक स्कॅन आला. न्यू जर्सी राज्याचं पत्र: दुसऱ्या तिमाहीची, म्हणजे एप्रिल ते जूनची, कपात जमा झालेली नाही. ताईंनी ते फर्मला पुढे पाठवलं. उत्तर आलं, ‘सिस्टिमची चूक आहे, दुरुस्त करतोय.’ ताईंना ते पटलं नाही. “सर, राज्याचं राहिलं असेल तर फेडरलचं भरलंय हे आपल्याला कुठे दिसतं?” एवढाच त्यांचा प्रश्न. पण अडीच वर्षांत तो कुणी विचारला नव्हता.

फेडरलचं दिसण्याची जागा म्हणजे ईएफटीपीएस, अमेरिकी ट्रेझरीची कर भरण्याची ऑनलाइन व्यवस्था. पैसे पेरोल फर्मने भरले असले तरी मालकाला स्वतःच्या लॉगिनने तिथे प्रत्येक भरणा पाहता येतो. पुण्यात कुणाकडेच लॉगिन नव्हतं. नोंदणी करायला गेले तर पिन टपालाने येतो, तोही आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल कर खात्याच्या, नोंदीतल्या पत्त्यावर. आणि आयआरएसच्या नोंदीत पत्ता होता पेरोल फर्मचा.

हे कसं झालं, ते जुन्या मेल चाळताना सापडलं. वर्षभरापूर्वी फर्मने लिहिलं होतं, ‘तुम्ही पुण्यात, पत्रं फिरत फिरत येतात, आम्हीच पाहतो.’ सोबत फॉर्म ८८२२-बी जोडला होता, पत्ता बदलण्याचा. मालकांनी सही करून पाठवला. आयआरएस अशा वेळी जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर खातरजमेचं पत्र पाठवते. जुन्या पत्त्यावरचं पत्र रजिस्टर्ड एजंटने इमानेइतबारे स्कॅन करून पुण्याला पाठवलंही होतं. ‘पत्ता बदलला’ असं वाचून सगळ्यांनी काम झालं म्हणून सोडून दिलं. कर्मचाऱ्यांच्या कराबाबत आयआरएस मालकांना जे मोजके सल्ले देते, त्यातला एक नेमका हाच आहे की नोंदीतला पत्ता पेरोल कंपनीचा ठेवू नका. या प्रकरणातली सगळ्यात महागडी सही कुठली म्हणाल तर ती पेरोलच्या करारावरची नव्हे, या एका पानाच्या फॉर्मवरची.

आता पिनची वाट बघणं शक्य नव्हतं. न्यू जर्सीतल्या एडिसनचा एक सीपीए, म्हणजे तिथला सीए, गाठला, फॉर्म २८४८ वर मुखत्यारी दिली आणि त्याने आयआरएसकडून खात्याचा उतारा मागवला. उताऱ्यात एप्रिल ते जून तिमाहीसमोर कोड १५०, म्हणजे रिटर्न आलं आणि कर आकारला गेला. त्याखाली ६५० या कोडच्या तीन ओळी दिसायला हव्या होत्या, दर महिन्याच्या भरण्याची एक. एकही नव्हती. होता तो थेट १८६: भरणा न केल्याचा दंड. फर्मने ९४१ वेळेवर दाखल केला होता, त्यात पैसे भरल्याचं लिहिलंही होतं, आणि पैसे भरलेच नव्हते. जुलै ते सप्टेंबरच्या भरण्याचंही तेच. सहा महिन्यांचे ३८,८३२ डॉलर. तेव्हाच्या साधारण ८४ रुपयांच्या दराने साडेबत्तीस लाखांच्या पुढे. शिवाय १५ ऑक्टोबरच्या पगारासोबत ओढलेला अर्ध्या महिन्याचा कर वेगळाच.

मालकांची पहिली प्रतिक्रिया पुण्यातल्या कुठल्याही सरळ उद्योजकाची असते तीच: “अहो, पण पैसे तर आमच्या खात्यातून गेलेत. बँकेचं स्टेटमेंट आहे. चोर तो, दंड मला का?”

कारण कायद्याच्या दृष्टीने पेरोल फर्म हा मालकाचा हात आहे. हाताने पैसे कुठे ठेवले ते मालकाने बघायचं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉयल खटल्यात सांगितलं की मुदतीत रिटर्न भरण्याचं काम दुसऱ्यावर सोपवलं होतं, हे उशिराचं पुरेसं कारण ठरत नाही. तो खटला इस्टेट टॅक्सचा होता, पण पेरोलच्या प्रकरणांतही त्याच निकालाचा आधार घेतला जातो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातली एक पेरोल कंपनी अचानक बंद पडली, तेव्हा हजारो छोटे मालक या धड्यातून गेले.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या मते प्रकरणाचं मूळ तिच्यात आहे. या मालकांना पेरोलचं काही कळत नव्हतं असं नाही. पुण्यातही त्यांचा पेरोल बाहेरच दिलेला आहे. टीडीएस ७ तारखेला, पीएफ १५ तारखेला, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. आपलाच टॅन, आपलाच पीएफ कोड, जबाबदारी आपलीच, हेही माहीत. मग अमेरिकेत ते इतके निर्धास्त का राहिले? कारण पुण्यात भरणा चुकला की ओरडणारी माणसं आजूबाजूला असतात. पीएफ जमा झाल्याचा मेसेज आला नाही, पासबुकात नोंद दिसली नाही, की दुसऱ्या दिवशी मुलगा एचआरच्या टेबलासमोर उभा. टीडीएस २६एएस मध्ये दिसला नाही की रिटर्न भरायच्या वेळी ऑफिसभर बोभाटा. साठ माणसं, म्हणजे साठ फुकटचे ऑडिटर. मालकांना ही सोय आहे असं कधी जाणवलंही नव्हतं.

अमेरिकेत तसं घडत नाही. कपात झालेला कर आपल्या नावावर तिमाहीगणिक चढतोय का, हे पाहायला कर्मचाऱ्याकडे २६एएस सारखं काही नसतं. वर्ष संपल्यावर डब्ल्यू-२, म्हणजे पगार आणि कपातीचा दाखला, हातात येतो, आणि त्यावर जेवढी कपात लिहिलेली तेवढी वजावट त्याला मिळते, मालकाने सरकारकडे भरली असो वा नसो. मग तो कशाला ओरडेल? तिघांचे पगार वेळेवर जमा होत होते, पे-स्लिपा बिनचूक होत्या. तिथे उघडकीला आणणारी यंत्रणा एकच, आयआरएसची पत्रं, आणि ती पेरोल फर्मच्या पेटीत पडत होती.

पुढचा आठवडा खरा कसोटीचा. उपकंपनीच्या खात्यात ३१,००० डॉलर शिल्लक. पहिलं काम म्हणून बँकेला सांगून फर्मचा खात्यातून रक्कम ओढण्याचा अधिकार बंद केला. ३१ ऑक्टोबरला पगार. त्याच दिवशी तिसऱ्या तिमाहीच्या ९४१ ची मुदत. आणि पुण्यात १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणजे सोमवारच्या वसुबारसेपासून कुणी फोन उचलेल याची खात्री नाही.

मालकांचा कल स्वच्छ होता: आधी पगार, मग सरकार. माणसांच्या पोटाला आधी. आपल्याकडे याला कुणी नावं ठेवणार नाही. एडिसनच्या सीपीएने मात्र फोनवर जवळजवळ आवाज चढवला. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला इन्कम टॅक्स आणि त्यांच्या वाट्याचे सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर हे पैसे कंपनीचे नसतातच, ते सरकारच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेले असतात. ते भरले नाहीत तर कलम ६६७२ नुसार जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिकरीत्या वसूल करता येतात, तेही पूर्ण शंभर टक्के. कंपनी मर्यादित दायित्वाची आहे, ही ढाल इथे चालत नाही. अट एकच, त्या व्यक्तीने ‘जाणूनबुजून’ न भरणं. आणि जाणूनबुजून याचा अर्थ लबाडीच असायला हवा असा नाही. थकबाकी आहे हे कळल्यानंतर हाताशी असलेल्या पैशातून दुसऱ्या कुणाला, अगदी घरमालकाला किंवा कर्मचाऱ्यांना, आधी पैसे देणं एवढं त्यात बसू शकतं.

म्हणजे १७ ऑक्टोबरपर्यंत मालक फसवले गेलेले होते. त्यानंतर त्यांच्या हातून गेलेला प्रत्येक चेक मात्र त्यांचा स्वतःचा निर्णय ठरणार होता. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात कमी समजला जाणारा भाग. चोरी करतो दुसराच, पण मालक अडचणीत येतो तो बऱ्याचदा चोरी कळल्यानंतरच्या चांगुलपणामुळे.

त्याच रात्री न्यू जर्सीतल्या मॅनेजरचा फोन आला. मूळचा कोथरूडचा, गेली दहा-बारा वर्षं तिकडे. “सर, खात्यावर सहीचा अधिकार माझाही आहे. मी यात येतो का?” खरं उत्तर होतं, येऊ शकतो. पैसे कुणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याला आहे तो जबाबदार व्यक्ती ठरू शकतो. हुद्दा काय, शेअर किती, हे दुय्यम. पुण्यात बसलेल्या मालकाकडून वसुली करणं आयआरएसला अवघड, तिथे घर घेतलेल्या मॅनेजरकडून सोपं. त्याच्या नावावर घराचं कर्ज होतं. मालकांनी आवाज खाली आणून सांगितलं, “तू काळजी करू नकोस, पहिला पैसा तिकडेच जाईल.” निर्णय खरं तर त्या वाक्यात झाला.

हिशोब असा मांडला. ३८,८३२ पैकी विश्वस्त रक्कम २७,८१६: कापलेला इन्कम टॅक्स १६,८०० आणि कर्मचाऱ्यांचा वाटा ११,०१६. उरलेले ११,०१६ मालकाच्या वाट्याचे, त्यांना वैयक्तिक दायित्व चिकटत नाही. आपण स्वखुशीने पैसे भरतो तेव्हा ते कुठल्या भागाकडे वळवायचे हे लेखी सांगता येतं. सांगितलं नाही तर आयआरएस आपल्या सोयीने वळवते, आणि तिची सोय सहसा विश्वस्त नसलेला भाग आधी मिटवण्यात असते, कारण विश्वस्त भाग ती माणसांकडूनही वसूल करू शकते. म्हणून २५ ऑक्टोबरला दोन तिमाहींचे दोन वेगळे चेक गेले, एकूण २७,८१६ डॉलरचे, प्रत्येकासोबत ‘ही रक्कम फक्त विश्वस्त कराकडे वळवावी’ असं पत्र. खात्यात उरले ३,१८४.

पगारासाठी मालकांनी ओहायोतल्या एका ग्राहकाला फोन केला. नोव्हेंबरअखेर देय असलेलं बिल आत्ता दिलंत तर दोन टक्के सूट. पैसे मंगळवारी आले, पुण्यात धनत्रयोदशी होती. ३१ तारखेचे पगार वेळेवर झाले, सीपीएने तिसऱ्या तिमाहीचा ९४१ खऱ्या आकड्यांनिशी त्याच दिवशी दाखल केला. तिघांपैकी टेक्सासच्या माणसाला यातलं काही कळलंही नाही. (टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, फक्त बेकारी विम्याचा कर. न्यू जर्सीची थकबाकी फेडरलच्या मानाने किरकोळ, ती नोव्हेंबरमध्ये व्याजासह मिटली.)

मालकाच्या वाट्याचे ११,०१६, ऑक्टोबरचा कर आणि दंड यासाठी पुण्यातून वीस हजार डॉलर पाठवायचे ठरले. लक्ष्मी रोडवरच्या बँकेत दिवाळीनंतर गेल्यावर दुसरीच गाठ निघाली. परदेशी उपकंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यावा लागतो. २०२३ चा राहिला होता. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार असा उशीर शुल्क भरून नियमित केल्याशिवाय नवे पैसे पाठवता येत नाहीत. अहवाल, शुल्क, परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी, सगळं होऊन पैसे पोहोचले तेव्हा १५ नोव्हेंबर, म्हणजे ऑक्टोबरच्या भरण्याची शेवटची तारीख, दोन दिवसांवर होती. परदेशात कंपनी असलेल्यांनी अडचण नसताना हा अहवाल भरून टाकावा, अडचणीत तो हमखास आठवतो.

दंडाचं गणित: भरणा १ ते ५ दिवस उशिरा असेल तर २ टक्के, १५ दिवसांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १० टक्के, आणि पहिल्या नोटिशीनंतर दहा दिवस उलटले की १५ टक्के. दुसऱ्या तिमाहीची नोटीस सप्टेंबरमध्येच फर्मकडे पोहोचली होती, त्यामुळे तिथे १५ टक्के: १९,४१६ वर २,९१२ डॉलर. तिसऱ्या तिमाहीचा धरून एकूण साडेचार हजारांच्या पुढे. व्याज वेगळं, तेव्हा वर्षाला ८ टक्के, रोज चक्रवाढ. मागची नोंद स्वच्छ असल्याने ‘पहिल्यांदाच’ या सवलतीखाली दुसऱ्या तिमाहीचा दंड माफ झाला. ही सवलत एकाच तिमाहीला वापरता येते, म्हणून मोठ्या दंडावर वापरली. फर्मने फसवलं, हे कारण तिसऱ्या तिमाहीसाठी मांडून पाहिलं. ते चाललं नाही.

साफसफाईत एक उलट चूकही निघाली. जानेवारी ते मार्चमध्ये ओपीटीवरचा (शिक्षणाला जोडून काही काळ काम करण्याची विद्यार्थ्यांना मिळणारी परवानगी) एक मुलगा कामाला होता. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी कराच्या दृष्टीने अनिवासी असेपर्यंत, साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरमधून मुक्त असतो. त्याचे कापले होते आणि भरलेही होते. ९४१-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, दाखल करून ते परत मागितले. त्याला पैसे मिळणार म्हटल्यावर तोच एक माणूस या प्रकरणात खूष झाला.

नवी व्यवस्था लावताना मालकांना वाटत होतं की आता अशी कंपनी गाठू जी जबाबदारीही उचलेल. तशी असते. आयआरएसने प्रमाणित केलेली पीईओ (ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांचे पगार आणि कर स्वतःच्या नावाने सांभाळणारी कंपनी) तिने दिलेल्या पगारावरच्या फेडरल कराला एकटी जबाबदार असते, त्यासाठी तिला किमान ५०,००० डॉलरचा बॉन्ड द्यावा लागतो आणि प्रमाणित कंपन्यांची यादी आयआरएस जाहीर करते. नुसत्या पीईओने, म्हणजे प्रमाणपत्राशिवाय, मालक सुटत नाही. फॉर्म २६७८ वर नेमलेला एजंट मालकासोबत जबाबदार असतो, मालकाऐवजी नव्हे. फॉर्म ८६५५ वरचा रिपोर्टिंग एजंट फक्त काम करतो, जबाबदारी तुमचीच, आणि हे त्याने ग्राहकाला दर तिमाहीला लेखी कळवणं बंधनकारक आहे. जुन्या फर्मशी यातला कुठलाच कागद झाला नव्हता. करारात ‘कर भरण्यास साहाय्य’ एवढंच होतं, आणि नुकसानभरपाईची कमाल मर्यादा एका महिन्याची फी.

तीन माणसांसाठी प्रमाणित पीईओ महाग पडते, असं माझं मत होतं आणि मालकांनाही आकडे पाहून ते पटलं. रिपोर्टिंग एजंट नेमला. आयआरएसच्या नोंदीतला पत्ता पुन्हा कंपनीच्या स्वतःच्या टपालपेटीचा केला, त्यात काही आठवडे गेले आणि मग ईएफटीपीएसचा पिन आला. आता काम ताईंकडे आहे. १५ तारखेचा भरणा आदल्या दिवशी तिथल्या रात्री आठपर्यंत नोंदवावा लागतो, म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातली १५ तारखेची पहाट साडेपाचची, हिवाळ्यात साडेसहाची. १६ तारखेला सकाळी ऑफिसात आल्यावर ताई लॉगिन करतात, एजंटने मेलवर पाठवलेला १५ अंकी पोचक्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघतात आणि रक्कम पे-स्लिपांच्या बेरजेशी. एजंटची पीडीएफ येते, पण तिच्यावर त्या टिकमार्क करत नाहीत.

जुन्या फर्मविरुद्ध आयआरएसकडे फॉर्म १४१५७ वर तक्रार केली आहे, न्यू जर्सीतल्या वकिलाने दावाही दाखल केला आहे. फर्मचा फोन लागत नाही. ४२,०६८ डॉलरपैकी काही परत येईल असं धरून कुणी बजेट केलेलं नाही. मॅनेजरने खात्यावरची आपली सही काढून घ्यायला सांगितलं होतं. आधीच्या काळासाठी त्याने काही फरक पडत नाही हे त्याला समजावलं, तरी त्याने आग्रह धरला. मालकांनी काढली.